जावयाची स्नोमोबाइल आणि ऑईलचा लाल दिवा

तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची कोवळी पोर होते, त्यामुळे मला सगळं येत होतं. इंग्लंडात लेस्टरला बसच्या वर्कशॉपमध्ये अख्खी नोकरी काढून नुकतीच रिटायर झालेली. माझ्या हाताखालून न गेलेलं एखादं इंजिन जगात उरलं असेल, हे मला पटतच नसे. तेव्हाची ती मी आज समोरून आले तर मी फुटपाथ बदलीन.

लेक आणि जावई स्कॉटलंडला डोंगरावरची कॉटेज भाड्याने देतात. हिवाळ्यात वरचा रस्ता बर्फाखाली जातो. मग स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरला, मागे स्लेज जोडून पाहुण्यांचं सामान वर न्यायचं. त्या दिवशी दुपारी सीझनचे पहिले पाहुणे यायचे होते. गाडी चालली नसती तर त्यांना परत पाठवावं लागलं असतं, आणि मग पुढचंही कोणी आलं नसतं.

सकाळी नाश्ता झाल्यावर मी म्हटलं, "जावईबापू, एक चक्कर मारू का?"

जावई इथेच जन्मलेले. मराठी बोलतात ते बायकोकडून शिकलेलं, पण सासूचा मान कसा ठेवायचा हे त्यांच्या आईने व्यवस्थित घोटून घेतलेलं. त्यांनी एकदा उताराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मारा ना, आई. फक्त त्या साइडला नको."

मी त्याच साइडला गेले. वळणावर गाडी कलली आणि सावकाश, अगदी समजूतदारपणे, पाठीवर झोपली. मी शेजारच्या मऊ बर्फात कमरेपर्यंत. इंजिन आपोआप बंद पडलं. जावई धावत आले. "लागलं का?" एवढंच त्यांनी विचारलं. गाडीकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

दोघांनी मिळून गाडी सरळ केली. काही बिघडलं नाही हे दाखवायला मी लगेच स्टार्टर मारला. ऑईलचा लाल दिवा पेटला तो विझेचना. ऑईलचं प्रेशर नाही म्हणजे इंजिन कोरडं घासलं जाणार, म्हणून मी झटकन बंद केलं. दिवसभरातली माझी ही एकच शहाणपणाची गोष्ट.

गाडी ढकलत शेडमध्ये आणली. मी ओली पँट बदलायला घरात गेले आणि परतले, तर जावई चहा टाकायला गेलेले. संधी साधली. तेल मोजायची डिपस्टिक ओढून पाहिली तर टोकाला जेमतेम ओल. तेल सांडलं असणार, असं ठरवून मी एक बाटली गुपचूप आत रिकामी केली आणि बाटली कोटात लपवली.

चहानंतर इंजिन सुरू केलं. लाल दिवा तसाच.

मग माझं पांडित्य सुरू झालं. सेन्सरची वायर तपासली. फिल्टर पाहिला. सेन्सरच्या जोडीला नळीवरचा प्रेशर गेज लावला, तर प्रेशर खरंच कमी. "पंप गेला," मी गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं. जावयांचा चेहरा पांढरा पडला. "पंप एडिनबराहून मागवायला लागेल. दोन दिवस तरी."

पुन्हा डिपस्टिक काढली. तेल खुणेच्या कितीतरी वर, आणि फेटलेल्या कॉफीसारखा नुसता फेस. फेसाला कसलं आलंय प्रेशर? भांडी घासायचा टब खाली लावून तेल सोडलं, तर टब भरतच चालला.

"एवढं कुठून आलं?" मी म्हटलं. "मी तर एकच..." आणि जीभ चावली.

जावई टबाकडे बघत म्हणाले, "एकच मीपण टाकली. तुम्ही चेंज करायला गेलात तेव्हा."

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्हांला वाईट वाटलं असतं. तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुम्हांला काळजी वाटली असती."

आमचं मूळ तेल कुठे गेलंच नव्हतं. लोणच्याची बरणी आडवी झाली की तेल झाकणाला जातं, तसं ते वर जाऊन बसलं होतं, आणि जावयांच्या बाटलीसकट थंडीत घट्ट झाल्यामुळे खाली यायला वेळ घेत होतं. आम्ही नुसते हातावर हात ठेवून बसलो असतो तरी दिवा विझला असता. पण एकमेकांचा मान राखण्याच्या नादात आम्ही इंजिनाला दोन्ही बाजूंनी आग्रह करकरून वाढलं होतं.

नवीन तेल खुणेपर्यंत मोजून भरलं. प्लग काढून आत शिरलेलं तेल बाहेर उडवलं, एअर फिल्टरची पेटी पुसली. इंजिनाने निळा धूर ओकला, खोकलं, आणि दिवा विझला.

"चला, स्लेज जोडते," मी म्हटलं.

"नाही, आई. आधी मी रिकामी वर नेऊन आणणार."

"कशाला? गेज नीट दाखवतोय."

"मघाशी तुम्ही पंप गेला म्हणालात."

"ते फेसामुळे. आणि तो फेस अर्धा तुमचा होता."

"पण उलटी केलीत तुम्ही. पूर्ण तुम्ही."

लेक दाराशी येऊन उभी राहिली. मागे फाटकातून पाहुण्यांची गाडी आत वळत होती. "काय चाललंय? भांडताय तुम्ही दोघं?"

"हो," जावई म्हणाले. मीही हो म्हटलं, आणि गेज त्यांच्या नाकासमोर धरला.