न मागितलेला मुलगा

मोठीआई गेल्याचं कुसुमताईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी वाशीमच्या एसटी स्टँडवर चहा घेत होतो. "आई गेली. काकूले घेऊन ये," एवढंच. मोठीआई म्हणजे माझी थोरली काकू, कुसुमताई तिची एकुलती एक लेक, आणि तिची काकू म्हणजे माझी आई. रिठदच्या देशमुखांच्या या दोन सुना. आता एकच उरली.

देशमुखी कधीच संपली होती, बरीच जमीन सीलिंगमध्ये गेली होती. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. घरच्या बायका गोषात. शेजारच्या गल्लीत जायचं तरी दमणीला, म्हणजे छोट्या बैलगाडीला, पडदा बांधायचा. मोठीआईचे यजमान, मोठे बाबा, अचानक वारले आणि भाऊबंदांना एकच घोर लागला, की थोरल्या घराला मुलगा नाही. लेक होती, पण लेक मोजायची रीत आमच्याकडे नव्हती. धाकट्या भावाचा मुलगा मोठीआईला दत्तक द्यायचं बैठकीत ठरलं. तो मुलगा मी. मला कोण विचारणार, आईलाही कुणी विचारलं नाही.

दत्तकविधानात घेणाऱ्यानं देणाऱ्याकडे मूल तोंडानं मागावं लागतं. मंडप भरला होता, मी नव्या कोटात घामाघूम. गुरुजी मोठीआईला म्हणाले, "म्हणा, तुमचा मुलगा मला द्या." ती माझ्या आईकडे बघत राहिली... मग सगळ्या दीर-भायांसमोर पदर मागे सारून म्हणाली, "मले लेक हाय. मी काई मांगत नाई." आणि आत निघून गेली. बुंदीची पंगत मात्र उठली. आमचे लोक अपमान झाला म्हणून उपाशी राहत नाहीत.

बाबांनी थोरल्या घराशी बोलणं टाकलं. मोठीआईनं गोषा टाकला आणि कुसुमताईला घेऊन वावरात उभी राहिली. लोक म्हणाले, बाई माजली. मला ती लांबून दिसायची आणि राग यायचा. इतक्या लोकांत तिनं आपल्याला नापसंत केलं, असंच मी धरून बसलो होतो. पुढं येणंजाणं सुरू झालं तरी विचारायची हिंमत झाली नाही. ती एका शब्दात उत्तर द्यायची, आणि त्या एका शब्दाचीच मला भीती होती.

तेरवीच्या दुपारी पाहुणे पांगल्यावर आईला मोठीआईच्या खोलीत घेऊन गेलो, आणि तिथं पहिल्यांदा ते बोललो.

"आई, तिले मी आवडलो नव्हतो ना?"

आई म्हणाली, "येडा हायेस का? तिनं मांगतलं असतं त मले द्या लागलं असतं. मोठ्या जाऊले नाई कोन म्हनते, बापा? म्हनून तिनं मांगतलंच नाई."

मला रडू आवरेना. पलंग रिकामा होता, मी आईला वर बस म्हणालो. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि थोरल्या जावेसमोर बसायची तशीच खाली सतरंजीवर बसली.