झाडूचं वाक्य

"म्हणा ना मावशी. 'आय स्वीप द फ्लोअर.' मी फरशी झाडते. सोप्पं तर आहे!"

रेवाताईनं माझ्या हातात झाडू दिला होता. नवाकोरा. दांड्याला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. समोर खुर्च्यांवर बाकीच्या बाया बसलेल्या, माझ्याच वयाच्या. कोणी पुण्याची, कोणी ठाण्याची. सगळ्या मुलाकडे नाहीतर लेकीकडे नातवंडं सांभाळायला आलेल्या. त्यातली एक म्हणाली, "अगदी नॅचरल वाटतं हो ह्यांना!" आणि हसू फुटलं सगळ्यांना.

मी दांड्यावरची चिठ्ठी नखानं खरवडत राहिले.

हे कुठं घडलं म्हणाल, तर सिंगापुरात. ईस्ट कोस्टला मुलगा काँडोत, म्हणजे मोठ्या सोसायटीत राहायचा. खाली पोहायचा तलाव, तलावाच्या कडेला फंक्शन रूम. एसी इतका की मला शाल लागायची. तिथं दर शनिवारी रेवाताई आम्हा म्हाताऱ्यांना इंग्रजी शिकवायची. फुकट शिकवायची, ते काही मी नाकारत नाही. रेवाताईचा नवरा म्हणजे माझ्या मुलाचा साहेब, पाया लेबारच्या ऑफिसात. मुलाचा कामाचा पास, म्हणजे तिथं राहायचा परवाना, त्याच्या शब्दावर नवा व्हायचा. पास नाही तर नोकरी नाही, घर नाही, नातीची शाळा नाही. भरा बॅगा.

म्हणून मुलानं आधीच बजावलं होतं. "आई, क्लासला जा, पण जपून. आडनावाचा विषय निघाला तर टाळ."

आमचं आडनाव असं, की कुठल्याही जातीत खपून जातं. त्या आडोशाला मुलगा बसला होता. पाहुणे यायचे असले की हॉलमधला फोटो काढून कपाटात ठेवायचा. कोटातले, चष्म्यातले आमचे बाबा. बुद्धाची मूर्ती मात्र राहू द्यायचा. म्हणायचा, "बुद्ध चालतो गं इथं. सगळ्यांच्याच घरी असतो, शोपीससारखा."

मी काय बोलणार? घर त्याचं. भीती दोघांची.

क्लासमध्ये सुरुवातीला मी सगळ्यांसारखी 'काकू' होते. मग एकदा चहाच्या वेळी शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा हो?" बघा, हा प्रश्न आपलंच माणूस विचारू शकतं. चिनी शेजाऱ्याला सात जन्मांत सुचणार नाही. खोटं सांगायचं तरी किती दिवसांचं सांगू?

"आमच्याकडे नसतो."

"ह्या वर्षी सुतक का?"

"नाही. नसतोच."

"अच्छाऽ," म्हणाली. एवढा लांब अच्छा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

पुढच्या शनिवारी बाकीच्या काकू होत्या तशाच काकू राहिल्या. मी मावशी झाले. आता मावशी हा शब्द वाईट आहे का? माझी सख्खी मावशी माझ्यावर जीव टाकायची. पण ह्या बायकांच्या घरी मावशी म्हणजे धुणीभांडी करणारी, आणि तो सूर मला लांबूनही कळतो. चहा त्यांना चिनी मातीच्या कपात, मला कागदाच्या. "तुम्हाला हाच बरा," रेवाताई म्हणाली. "फुटायची भीती नाही."

मी प्यायले. मुलाच्या पासासाठी प्यायले.

मग निघालं नाटक. काँडोच्या लोकांसमोर आम्ही म्हाताऱ्यांनी इंग्रजीत बोलून दाखवायचं. एक आजी, एक डॉक्टरीण, एक दुकानदारीण, एक मोलकरीण. मोलकरीण कोण, ते रेवाताईनं कुणाला विचारलंसुद्धा नाही. तीन वाक्यं दिली मला, आणि तालमीला तो नवा झाडू. मी फरशी झाडते. मी संडास धुते. मी सुखी आहे.

झाडू मला नवा नाही. माझी आई गावातल्या गल्ल्या झाडायची. तिच्या कष्टावर मी वाढले, त्याची लाज मला नाही. पण शाळेत गुरुजी एकेकाला धडा वाचायला उभं करायचे, आणि माझी पाळी आली की म्हणायचे, "तू वर्ग झाड." मी झाडायचे. माझ्या वाटचा धडा दुसरीच कोणी वाचायची. चौथीत शाळा सुटली. पुढचं वाचन मी एसटी स्टँडवरच्या पाट्यांवर केलं, एकटीनं, अक्षराला अक्षर लावत. आणि विमानात बसून एवढ्या लांब आले, तर धड्याच्या जागी परत झाडू.

खरं इंग्रजी मी क्लासात नाही शिकले. ते शिकवलं नीनानं.

नीना आमच्याच काँडोतली आजी. कझाकस्तानची, बोलायची रशियन. संध्याकाळी तिचा नातू आणि माझी नात तलावात डुंबायचे, आम्ही दोघी बाकावर. तिच्याकडं एक जाडजूड पुस्तक होतं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. रशियन लोकांसाठी केलेलं. वर इंग्रजी शब्द, खाली त्या शब्दाचं एक वाक्य, त्याच्या खाली तेच वाक्य रशियनमध्ये. मला रशियन येत नव्हतं, तिला मराठी. क्लासात गिरवलेली इंग्रजी अक्षरं मी जुळवून वाचायचे, अर्थ ती तिच्या ओळीत वाचायची आणि मला करून दाखवायची. कुत्रा रागावला असं वाक्य आलं की बाई उठून भुंकायची! पोरं पाण्यातून हसायची. 'माय अंकल हॅज अ हॉर्स.' माझ्या काकाकडं घोडा आहे. आमच्या सात पिढ्यांत कुणाकडं घोडा नव्हता, पण पाठ केलं.

मग नीना एका शब्दावर बोट ठेवायची. झाकायची तो. म्हणायची, "नाऊ यू." तिथं तुझा शब्द घाल. काका झाकला, सून घातली. घोडा झाकला, लॅपटॉप घातला. माझ्या सुनेकडं लॅपटॉप आहे. वाक्य एकदम माझ्या घरातलं झालं.

एका संध्याकाळी वाक्य आलं, 'आय विल नॉट साइन धिस लेटर.' नीना भुंकली नाही, हसली नाही. ताठ बसली. समोरचा नसलेला कागद हातानं दूर सारला आणि हाताची घडी घातली. मी ह्या पत्रावर सही करणार नाही. तिचा चेहराच वेगळा दिसला. तिच्या आयुष्यात असं काही घडलं होतं का? विचारायला माझ्याकडं वाक्य नव्हतं.

तिनं 'साइन'वर बोट ठेवलं. मग 'लेटर'वर. "नाऊ यू."

मला काही सुचलं नाही. खोटं कशाला बोलू? सुचलं होतं. भीती वाटली.

नाटकाच्या दिवशी सकाळी मुलाला म्हटलं, "मला नको ते काम."

"एका दिवसाचं तर आहे आई. साहेब येणार आहेत. पास रिन्यूअलला गेलाय माझा." माझ्याकडं न बघता बोलला.

फंक्शन रूम भरली होती. पुढच्या रांगेत साहेब, त्याच्या मागं माझा मुलगा नि नात, कडेला नीना. आजी बोलली, टाळ्या. डॉक्टरीण बोलली, टाळ्या. मग माझ्या हातात झाडू आला. एसीत घाम फुटला. पहिलं वाक्य तोंडाशी आलंसुद्धा होतं, म्हणजे म्हणून टाकणारच होते मी. तेवढ्यात नीनाकडं नजर गेली. तिच्या मांडीवर ते पुस्तक होतं, मिटलेलं. त्याच्यावर तिनं नुसतं एक बोट ठेवलं.

"आय विल नॉट से धिस सेंटेन्स."

आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच ओळखू येईना. म्हणून परत म्हटलं, मोठ्यानं. आणि मग मराठीत, म्हणजे आपल्या लोकांना कळलं नाही असं नको. "मी हे वाक्य म्हणणार नाही."

रेवाताई हसत पुढं आली. "अहो मावशी, नाटक आहे ते. पर्सनली नका घेऊ."

"नाटकच आहे तर झाडू तुम्ही घ्या. मी डॉक्टरीण होते."

मी झाडू पुढं केला. तिचा हात काही पुढं आला नाही.

"आणि ह्या सगळ्या काकू, मग मी एकटी मावशी कशी? सांगा ना. इथं सगळ्यांसमोर सांगा."

मी हात सोडला. झाडू फरशीवर आपटला. मी बाहेर पडले तेव्हा तो तिथंच पडलेला होता.

लिफ्टमध्ये मुलगा एवढंच म्हणाला, "माझा पास, आई." नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आज्जी, व्हाय यू सो अँग्री आह?" मी तिचा हात धरला. तिनं माझा घट्ट दाबला.

दुसऱ्या दिवशी साहेबाचा फोन आला. संध्याकाळी दोघं नवरा-बायको घरी येतो म्हणाले, बोलायला. काय बोलायला, ते सांगितलं नाही. दिवसभर घरात कोणाला घास गेला नाही. पास गेला, असंच धरून चाललो होतो आम्ही. नातीच्या शाळेच्या दप्तराकडं बघून मला भरून यायचं.

त्यांची वेळ झाली तसा मुलगा उठला आणि सवयीनं फोटोकडं गेला. मी मधे उभी राहिले. भिंतीला पाठ लावून. माझ्या मुलासमोर मला असं कधी उभं राहावं लागलं नव्हतं.

"आई, आज नको. पाया पडतो तुझ्या."

"मी हा फोटो काढू देणार नाही."

"पास गेला तर?"

"तर बॅगा भरू. बाबांना सगळ्यात वर ठेवू, कपड्यांच्या आत नाही. येताना लपवून आणलं, जाताना लपवून नेणार नाही. आणि राहिलो, तर हे इथंच राहतील. दारातून आत आलं की समोर दिसतील असे."

त्याचा हात तसाच वर राहिला. मग खाली आला.

बेल वाजली. चहासाठी मी पाचही कप काढून ठेवले होते, सगळे सारखे. मुलगा दाराकडं निघाला, त्याला मी थांबवलं.

"तू बस. दार मी उघडते."