डबा न उघडता लिहिलेलं

त्या सोमवारी मला माणूस मारावासा वाटला होता, आणि ते मी आजही लपवत नाही.

नोएडातल्या एका टेक-बातम्यांच्या वेबसाइटवर मी काम करायचे. नवा फोन, इअरफोन असलं काही आलं की त्यावर मत लिहायचं, आणि खालच्या वाचकांच्या कमेंटही मीच तपासायच्या. आमची पद्धत सांगते, मग थुंकायचं तर थुंका. कंपनी वस्तूबरोबर एक कागद पाठवायची, तिच्यात काय काय चांगलं आहे त्याचा. टेबलावर आणखी पाच डबे ताटकळत असायचे, मग सील फोडत कोण बसतंय! कागद वाचायचा आणि 'हातात घेताच भरीव वाटते' असं बिनधास्त ठोकून द्यायचं. शेजारीच त्या कंपनीची जाहिरात झळकत असायची.

एका पॉवर बँकवर मी असंच लिहिलं. साडेचार तारे दिले. काही दिवसांनी गाझियाबादच्या एका वाचकाने कमेंट टाकली, माझी फुगली आहे, उशाशी ठेवू नका. मी पुसली. जाहिरातदाराच्या मालाखाली तक्रार दिसता कामा नये, असा संपादकाचा हुकूमच होता. त्याने पुन्हा लिहिलं, मी पुन्हा पुसली. चौथ्यांदा तो भडकला. "बिकाऊ लोग, डिब्बा खोला भी था?" असं झोंबलं म्हणता! 'असभ्य भाषा' अशी खूण केली आणि त्याचं खातंच बंद करून टाकलं. वर शेजारच्या टेबलावरचीला हसत म्हणाले, "चलो, एक कटकट गेली."

माझे वडील, अप्पा, फौजेतून निवृत्त होऊन दिल्लीतल्या द्वारकेला माझ्याकडे राहायला आले होते. माझं अक्षर न् अक्षर वाचायचे. त्यांनी तीच पॉवर बँक मागवली. का, तर पोरीने चांगली म्हटलंय. कौतुकाने मला दाखवली, तेव्हासुद्धा माझी जीभ रेटली नाही. एकाची फुगली म्हणून काय सगळ्यांच्या फुगतात, असं स्वतःला समजावलं. लाज वाटते सांगताना.

रविवारी सकाळी मी कणीक मळत होते आणि आतून धाडकन आवाज झाला. धावले. पडदा पेटला होता. घर वाचवायला अप्पा ती जळती वस्तू मुठीत धरून बाल्कनीकडे निघाले होते. दारातच ती दुसऱ्यांदा फुटली. अंगठा लोंबायला लागला, पंजाची कातडी हातमोज्यासारखी सुटून आली, फरशीभर रक्त आणि जळक्या मांसाचा वास. अप्पांच्या तोंडून आवाज निघाला नाही. मीच गुरासारखी ओरडत होते. कणकेच्या हातांनी पडदा ओढला आणि पायांनी तुडवला.

अंगठा काढावा लागला.

सोमवारी इस्पितळातून तडक ऑफिस गाठलं. संपादक म्हणाला, "बॅड लक, यार. लेकिन इस पर कुछ लिखना मत." मी त्याची कॉलर धरली आणि सणसणीत कानफटात ठेवून दिली. तो काचेच्या कपाटावर आदळला, कपाळ फुटलं. मी आणखी हाणला असता, दोघांनी मला मागे खेचलं. "मुडद्या, डबा उघड!" असं मी किंचाळत होते. पण डबा त्याने उघडायचा नव्हताच. तो माझ्या टेबलावर आला होता.

नोकरी तिथेच संपली. कमेंट तपासायचं खातं मात्र फोनवर अजून चालू होतं. संध्याकाळी अप्पांच्या खाटेशी बसून मी सगळं ओकले, त्या गाझियाबादवाल्याचंही सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, आता हे माझ्याशी बोलणार नाहीत.

मग म्हणाले, "बेटा, तुझ्या लेखाखाली एक कमेंट टाक. मला लिहिता येत नाही. लिही, वस्तू धोक्याची आहे. मी वापरली आहे. लिहिणारीने वापरलेली नाही."

मी लिहिलं. लगेच माझ्याच फोनवर विचारणा आली, मंजूर की नामंजूर. मंजूर केलं.

"अच्छा," अप्पा म्हणाले. "आता त्या गाझियाबादवाल्याचीही परत लाव. तो आधी बोलला होता."

मी फोनमध्ये शोधत राहिले. चारही वेळा मी ती कायमची पुसली होती.