डेलमारच्या उशीवर कोण बसणार

आर्लीन पोकोर्नीनं लग्नात आडनाव बदललं, गाव बदललं, चर्चसुद्धा बदललं. पण संघ बदलायला मात्र साफ नकार दिला. लग्नाआधीच तिनं डेलमारला बजावलं होतं, "स्वयंपाक तुझ्या आईसारखा करीन, पोरं तुझ्या चर्चमध्ये नेईन. पण शनिवारी मी नांगरवाल्यांचीच."

ती कॉटनवुडची. तिथल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला सगळे नांगरवालेच म्हणतात, आणि त्यांचा रंग तपकिरी. डेलमार लूप व्हॅलीचा, म्हणजे करकोच्यांचा, निळ्या रंगाचा. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा; सामने शनिवारी. दोन्ही गावं नेब्रास्कातली. मध्ये एक नदी आणि मक्याची शेतं. कॉटनवुडवर ढग आला की इकडच्या बायका अंगणातले कपडे काढतात, इतकी ही गावं जवळ; आणि वैर असं की दोन गावांत सोयरीक जुळली तर भटजीआधी, म्हणजे पाद्र्याआधी, लोक विचारतात, "शनिवारचं काय ठरलं?"

गंमत अशी की आर्लीन किंवा डेलमार, दोघांपैकी कुणीही कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसायचा, ती बायकांचे केस कापायची. पण यात नवल काही नाही. शिकायला आलेली पोरं पदवी घेऊन चालती होतात. संघाचं सुखदुःख उरतं ते गावात राहणाऱ्यांच्या वाट्याला. एखादं लेकरू दत्तक घ्यावं तसं गाव कॉलेजचा संघ घेतं, आणि मग ते लेकरू दिवटं निघालं तरी टाकून देता येत नाही.

पोकोर्नींच्या दोन जागा डेलमारच्या वडिलांपासून चालत आलेल्या. दक्षिणेकडची नववी रांग, अगदी वाटेच्या कडेला. नवी नवरी म्हणून आर्लीन तिथे पहिल्यांदा बसली ती तपकिरी स्वेटर घालून, मांडीवर माहेरचं तपकिरी ब्लँकेट घेऊन. शेजारी डेलमार, निळ्या ब्लँकेटमध्ये. करकोचे हरले की ही टाळ्या वाजवायची. सगळी रांग दातओठ खायची. पलीकडच्या जागेवरचा लिरॉय बेंडा तर एकदा न राहवून म्हणाला, "डेलमार, अरे बायको आणलीस की अस्तनीतला निखारा?"

"थंडी फार असते रे इथे," डेलमार म्हणाला. "निखारा बरा."

तो तिला कधीच काही म्हणाला नाही. मनधरणी नाही, टोमणा नाही. बाकीची रांग मात्र तिला पटवायला टपलेली. कुणी निळी टोपी भेट दिली, कुणी निळे हातमोजे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तीन हंगाम दोघं नवरा-बायको एका बाकावर, दोन वेगळ्या ब्लँकेटांत बसली.

चौथ्या वर्षी करकोच्यांच्या वेंडेल नावाच्या पोराची एक लाथ चुकली. चेंडू दोन खांबांमधून जायचा तो खांबावर आदळून परत आला, आणि हातातला सामना गेला. आर्लीननं त्या दिवशीही टाळ्या वाजवल्या. सोमवारी तोच वेंडेल तिच्या दुकानात केस कापायला आला. न्हाव्याकडे जायची त्याला लाज वाटत होती. तिथे गावातले सगळे पुरुष बसलेले असतात. खुर्चीत बसला आणि आरशाकडे बघेचना. मान खाली. आर्लीनला केस कापताना दिसलं, त्याची मानेवरची नस उडत होती. इतका लहान होता तो. लांबून, शिरस्त्राण घातलेलं असताना, ते कळत नाही.

केस सुकवायला बसलेली मिसेस झेलेंका मोठ्यानं म्हणाली, "हाच ना गं तो? ज्यानं घालवला?"

आर्लीनची कात्री थांबली. "माझ्या दुकानात आमच्या पोराला कुणी बोलायचं नाही," ती म्हणाली. "केस ओले असतील तर ओलेच घेऊन घरी जा."

बोलून गेली आणि मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. आमच्या पोराला! कान तापले तिचे. कॉटनवुडला वडिलांच्या कानावर गेलं तर काय, हा पहिला विचार. आणि दुसरा असा की खरं तेच तोंडातून गेलं.

गावात बातमी पोचायला तार लागत नाही. संध्याकाळी डेलमार घरी आला, जेवला, एक अक्षर बोलला नाही. पुढच्या शनिवारी मैदानावर पोचल्यावर आर्लीननं पाहिलं, तर त्यानं गाडीतून एकच ब्लँकेट काढलेलं. निळं. रांगेत बसल्यावर त्यानं निम्मं स्वतःच्या गुडघ्यांवर घेतलं आणि निम्मं, मैदानावरची नजर न काढता, तिच्या गुडघ्यांवर टाकलं. तिनं ते राहू दिलं. त्यानंतर सगळं आयुष्य त्या एका ब्लँकेटमध्ये गेलं.

गेल्या वसंतात डेलमार गेला. गुड फ्रायडेला बटाटे लावायचे असतात, ते त्यानं लावले, हात धुतले, खुर्चीत टेकला तो टेकलाच. पुढे बटाटे आले, भरपूर आले. आर्लीनला ते खाववेनात आणि टाकवेनात. शेवटी शेजारीपाजारी वाटून टाकले.

नवव्या रांगेची एक रीत आहे. रांगेतलं माणूस गेलं की त्याची बसायची उशी त्याच्या जागेवर हंगामभर ठेवतात. तिथे कुणी बसत नाही, टोपीसुद्धा ठेवत नाही. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला ती उशी मागे राहिलेल्यानं कुणाच्या तरी हातात द्यायची. ज्याच्या हातात उशी, त्याची पुढच्या वर्षापासून जागा. कुणालाच दिली नाही तर जागा कॉलेजकडे परत जाते, आणि मग तिथे कुणीही येऊन बसतं.

तर सप्टेंबरपासून डेलमारची निळी उशी त्याच्या जागेवर होती. एका कोपऱ्याला फाटली होती, तिथे त्यानं मासे पकडायच्या दोऱ्यानं टाके घातलेले. आर्लीन तिच्या शेजारी बसायची आणि ब्लँकेटचं दुसरं टोक नुसतंच बाकावर पडलेलं असायचं.

द्यायची कुणाला? एकुलती मुलगी जनेल दूर ओरेगॉनला. फोनवर म्हणाली, "आई, सोडून दे ना ती जागा. या वयात थंडीत कशाला बसतेस?" ज्याचं जळतं त्यालाच कळतं. लिरॉय आपल्या पुतण्यासाठी टपलेलाच होता. "पोरगा चांगला आहे गं, ओरडतो मोठ्यानं," असं दर सामन्याला ऐकवायचा. आर्लीनच्या मनात होती ती नात, ब्रिन. पण ब्रिन आजोळी यायची ती उन्हाळ्यात, जेव्हा मैदानात नुसतं गवत असतं. सामना तिनं कधी बघितलाच नव्हता. यंदा ती नर्सिंग शिकायला नेब्रास्कात आली. आर्लीनचा आनंद गगनात मावेना, आणि मग कळलं, कॉलेज कुठलं, तर कॉटनवुड.

"आजी, मला जॅकेट मिळालं!" ब्रिननं फोनवर सांगितलं. "तपकिरी!"

"छान दिसत असेल हो," आर्लीन म्हणाली. मग तिनं फोन ठेवला. आपले वडील असते तर नाचले असते, हे तिला कळत होतं. तिला मात्र रडू आलं.

शेवटचा सामना आला तो नेमका नांगरवाल्यांशीच. सकाळी आर्लीननं घेवड्याची झणझणीत खिमा-चिली शिजवली, दालचिनीचे गोड रोल भाजले आणि पातेलं घेऊन मैदानाबाहेर गाड्या लावून सामन्याआधी सगळे मिळून खातात तिथे गेली. गोड रोल तिखट चिलीत बुडवून खातात हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ब्रिननं मात्र दोन वाट्या रिचवल्या. तपकिरी जॅकेट बघून लिरॉयनं कपाळाला हात लावला.

"आर्लीन, तुझ्या घराण्याला ही खोडच आहे का गं?"

"आजोबांच्या रांगेतले ना तुम्ही?" ब्रिन म्हणाली. "मग आज रुमाल जास्त आणा. रडायला लागेल."

लिरॉय खो-खो हसला. आर्लीननं नातीच्या हातात ब्लँकेट ठेवलं, "पातळ जॅकेट आहे तुझं, हे घे," तर ब्रिन मागे सरली. "निळं? गारठून मरेन, आजी, पण निळं नाही." आणि मैत्रिणींबरोबर पलीकडच्या बाजूला, पाहुण्यांच्या बाकांकडे पळाली.

मध्यंतरापर्यंत सामना बरोबरीत होता. लिरॉयनं पुतण्याला बोलावून वाटेतच उभं करून ठेवलं होतं, आर्लीनला दिसेल असं. ती उशीकडे बघत होती. संपेपर्यंत काहीतरी ठरवायला हवं होतं. दुसरं कुणी नाही, तर मग लिरॉयचा पुतण्या काय वाईट, असं ती स्वतःला समजावत होती.

तेवढ्यात मैदानाला वळसा घालून ब्रिन आली. नाक लाल, दात वाजत होते. "तिकडे वारा नुसता सोलून काढतोय," म्हणाली, आणि खाली न बघता, धप्पकन, डेलमारच्या उशीवर बसली.

नववी रांग एकदम थांबली. कुणाचा घास तोंडात, कुणाचा कप ओठाशी. आठव्या रांगेतलेही मागे वळले.

"पोरी, ऊठ!" लिरॉय ओरडला. "ऊठ आधी तिथून!"

"का? काय झालं? उशी बसायलाच असते ना?"

"ती डेलमारची आहे!"

ब्रिनचा चेहरा पांढराफटक पडला. ती अर्धवट उठली. "आजी, मला माहीत नव्हतं गं. खरंच."

आर्लीननं तिच्या दंडाला धरलं. का ते तिलाही कळलं नाही, पण धरलं. "बस," ती म्हणाली. "लिरॉय, तिला बसू दे."

"तपकिरी जॅकेटात? डेलमारच्या जागेवर?"

"त्याच्या शेजारी मी काय घालून बसले होते? तू त्याला काय म्हणाला होतास, आठवतंय?"

लिरॉयला आठवत होतं. पण पुतण्याला त्यानं काही घरी पाठवलं नाही. सामना संपायचा होता. उशी हातात दिली तरच दिली, नुसतं बसण्याला काय अर्थ?

मध्यंतरानंतर आर्लीन नातीला खेळातलं काहीच सांगत नव्हती. ती माणसं सांगत होती. "तो सत्तर नंबर ना, त्याच्या बापाच्या गाई परवा रस्त्यावर आल्या होत्या, सगळा संघ पकडायला गेला. तो बावीस, टकर, गेल्या हिवाळ्यात माझ्या अंगणातला बर्फ काढून गेला, न सांगता. त्याची आई ती बघ, तिसऱ्या रांगेत, पांढरी टोपी. सामन्याला कधी खाली बसत नाही ती. बसली की पोराला लागतं, अशी तिची समजूत."

"ही काय समजूत, आजी?" ब्रिन हसली. पण त्यानंतर तिची नजर अधूनमधून त्या पांढऱ्या टोपीकडे जात होती. नांगरवाल्यांनी मुसंडी मारली की मात्र उठून ओरडत होती, आणि रांग दातओठ खात होती, जुन्या सवयीनं.

शेवटी व्हायचं तेच झालं. काही क्षण उरलेले, करकोचे मागे. लांबून चेंडू आला तो सरळ टकरच्या हातात. समोर मोकळं मैदान. पोरगा रेषेपार जायला वळला, आणि चेंडू त्याच्या बोटांतून निसटून गवतावर पडला. सामना संपला. नांगरवाले जिंकले. टकर तिथेच गुडघे टेकून बसला.

ब्रिन आनंदानं उडी मारून उठली होती. मागच्या रांगेत तिकीट काढून बसलेला एक तपकिरी टोपीवाला तिच्या खांद्यावर थाप देत ओरडला, "बघ, बघ त्या बावीसला! हाताला लोणी लावून आला होता! अरे, तुला गल्लीतली पोरंसुद्धा खेळायला घेणार नाहीत!"

ब्रिन गर्रकन वळली.

"तोंड आवरा," ती म्हणाली. "आई उभी आहे त्याची तिथे. ऐकतेय."

टोपीवाल्यानं तिच्या जॅकेटकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. "अगं, तू आपल्यातलीच ना?"

"असेन. तरी आवरा."

तो पुटपुटत निघून गेला. ब्रिन उशीवर खाली बसली आणि तिसऱ्या रांगेतल्या पांढऱ्या टोपीकडे बघत राहिली. तिची हनुवटी थरथरत होती, थंडीनं म्हणा हवं तर.

 आर्लीनला खूप काही बोलावंसं वाटलं: वेंडेलचं, मिसेस झेलेंकाचं, कान तापल्याचं. पण ती काही बोलली नाही. या वेळी काही बोलायचं नसतं, हे तिला एका माणसानं फार पूर्वी शिकवलं होतं. तिनं मैदानावरची नजर न काढता ब्लँकेटचं बाकावर पडलेलं टोक उचललं आणि नातीच्या गुडघ्यांवर टाकलं.

ब्रिननं ते राहू दिलं.

खाली हरलेली पोरं रिवाजाप्रमाणे बाकांसमोर येऊन उभी राहिली. सगळे उठले, कॉलेजचं गाणं सुरू झालं. ब्रिनही उठली. तिला शब्द येत नव्हते. ती नुसती उभी राहिली, ब्लँकेट अंगाभोवती धरून. गाणं संपल्यावर आर्लीन वाकली, उशी उचलली, तिच्यावरचा चुरा झटकला आणि ब्रिनच्या हातात दिली.

लिरॉयनं पुतण्याकडे बघितलं, मान हलवली. "जा रे घरी," म्हणाला. मग ब्रिनकडे वळून, "पुढच्या सप्टेंबरात वेळेवर ये. आणि चिली तू आणायची, ही नाही."

गाडीकडे जाताना ब्रिनच्या काखेत उशी होती. ती कोपऱ्यावरचे टाके बोटानं चाचपत होती.

"आजी, मी नांगरवालीच आहे हं," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"असू दे की," आर्लीन म्हणाली. "मीही होते."