नानांना ऐकू आलेली विंडो

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी साडेदहाला, धुळ्याच्या एका ब्रेल छापखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी शिरल्याचे सगळ्यात आधी भास्करनानांच्या लक्षात आले. नाना तिथले प्रूफरीडर. जन्मापासून अंध.

मी जळगावहून तिथे मेंटेनन्सला जातो. कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून बोलावले होते. त्यात दहावीच्या विज्ञानाचे अकरा धडे होते. त्या फाइल्सची दुसरी कॉपी नव्हती. ते गेले असते तर जूनमध्ये अंध मुलांना पुस्तक मिळणार नव्हते.

नाना स्क्रीन रीडर वापरतात. स्क्रीनवर जे येते ते हा प्रोग्राम बोलून दाखवतो. नानांनी आवाजाचा वेग इतका ठेवला होता की त्यांचा हेडफोन लावूनही मला एक शब्द कळेना.

मधूनच काहीतरी वेगळे ऐकू येते असे नाना म्हणाले, म्हणून तासभर तपासले. अँटिव्हायरसला काही सापडले नाही. मॅनेजर पाटील सर म्हणाले, नानांचे कान वाजत असतील.

नानांनी हेडफोन काढला नाही. "आठे कोनीतरी शे, भाऊ. या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी आहे. एक विंडो उघडते आणि नाव पुरतं बोलून व्हायच्या आत बंद होते. दर सात मिनिटांनी."

"मला नाही दिसली, नाना."

"तुम्ही डोळे मिचकावले असतील."

थांबलो. नानांनी बोट वर केले. "आता."

स्क्रीनवर काहीच हलले नाही. स्क्रीन रीडर काय बोलला याची नोंद ठेवता येते, ती उघडली. शेवटची ओळ अर्धवट होती: एका कन्व्हर्टरच्या फोल्डरचा पत्ता. वीस वर्षे हे काम करतोय. ही नोंद उघडायचे मला आधी सुचले नव्हते. कन्व्हर्टर कुठला, ते पाटील सरांना विचारले.

जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय त्याचे ब्रेल होत नाही. त्यासाठी पाटील सरांनी व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून फुकटचा कन्व्हर्टर उतरवला होता. हा फोल्डर तपासू नको असे अँटिव्हायरसला सांगा, अशी सूचना सोबत होती. सरांनी ती पाळली.

मी आधी नेटची केबल उपसली, मग मशीन बंद केले. हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. तो प्रोग्राम एकेक फाइल कुलूपबंद करत विज्ञानाच्या फोल्डरपर्यंत पोहोचला होता.

नऊ धडे शाबूत निघाले. दोन उघडले नाहीत. त्यांची ब्रेल प्रूफे कपाटात होती. ती नानांनी बोटांनी वाचली आणि पाटील सरांनी ऐकून टाइप केली. त्याला दोन दिवस लागले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुस्तके शिंदखेडा आणि चाळीसगावच्या मुलांना मिळाली.