हिरवी लोकर
मुलींच्या विणकामाच्या तासाला लोकरीचा वास आला की मला लोणावळ्याचा रेल्वेचा दवाखाना आठवतो. मी सातवीची फायनल पास झालो होतो. हेडमास्तर म्हणत होते, ट्रेनिंगला जा, मास्तर हो. मला मात्र वडिलांसारखं इंजिनावरच जायचं होतं. कारण काय, तर इंजिनाची शिट्टी मी तोंडानं हुबेहूब काढायचो. इंजिनांच्या शेडमधे नोकरीला लागायचं तर आधी डोळे तपासायचे. डॉक्टरांनी टेबलावर रंगीबेरंगी लोकरीचे गुंडे ओतले नि म्हणाले, "हिरवे वेगळे काढ." मी काढले. कंपाउंडर खो खो हसला. "साहेब, तपकिरीबी उचलले की ह्यानं. लय नकल्या आहे हा, गणपतीच्या मेळ्यात स्टेशनमास्तर झाला होता." वडील दारातूनच म्हणाले, "नीट बघ रं. हितं सोंगं न्हाई चालायची." मी पुन्हा काढले. पुन्हा तेच गुंडे. आता कुणी हसेना. डॉक्टरांनी माझ्या कागदावर फुली मारली. बाहेर आल्यावर वडिलांनी सिग्नलकडे बोट केलं. "त्यो कसला?" मी स्टेशनमास्तरच्या आवाजात म्हणालो, "हिरवा. गाडी सोडा." सिग्नलच्या खांबावरचा हात खाली पडला होता, म्हणजे वाट मोकळी; त्यावरूनच मी सांगितलं. वडील हसले नाहीत. "आन् रातीला, हात दिसत न्हाई, नुसता दिवा दिसतो तवा?" दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांकडे ट्रेनिंगचा अर्ज मागायला गेलो. मी मास्तर झालो. आज वर्गात एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, तो हिरवा गुंडा द्या ना." मी अख्खी टोपलीच तिच्यापुढं सरकवली.