नसलेल्या उवा

साकोलीजवळ बौद्धिक दिव्यांग बायकांच्या एका लहानशा निवासी संस्थेत मी अधीक्षिका होते. राहणाऱ्या चौदा जणी आणि त्यांचं सगळं करायला दोन मावशा. पाहुणे आले की मी तोंड भरून सांगायचे, आमच्याकडे अगदी घरच्यासारखं असतं. आता ते वाक्य आठवलं तरी कान गरम होतात.

त्या चौदा जणींतली एक तिशीची, कमरेपर्यंत केस असलेली. बोलायची अगदी थोडं. तिची माय दर महिन्याला लाखांदूरकडून एसटीने यायची, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तेल घेऊन. पायरीवर बसून तासभर लेकीची वेणी घालायची. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे पाळणे-दुकानांची जत्रा भरते, लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, तेव्हा हिलाही चार दिवस घरी न्यायची. तेच तिचं माहेरपण. परत आल्यावर ती मला एकच शब्द सांगायची, "पाळणा." आणि पुढचे कित्येक दिवस तोच सांगत राहायची.

एका हिवाळ्यात एक मावशी रजेवर गेली. चौदा डोकी धुवायची, वाळवायची, विंचरायची, त्यात अर्धा दिवस जायचा. मी वैतागले, न्हाव्याला बोलावलं आणि सगळ्यांचे केस बारीक करून घेतले. घरच्यांना विचारावं हे मनातसुद्धा आलं नाही. तिने दोन्ही हात डोक्यावर घट्ट दाबून धरले होते. ते हात मीच खाली ओढले.

पुढच्या महिन्यात माय आली. लेकीच्या डोक्यावरचा दुपट्टा तिने सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काहून कापले जी, मॅडम?"

"उवा झाल्या होत्या," मी म्हणाले. एकीच्याही डोक्यात ऊ नव्हती. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती उलट ओशाळली.

"मंडईले मीच घरी नेली होती. माह्याच घरून आल्या असतीन. तुमाले उगाच तरास झाला."

तिने तेलाची बाटली तशीच पिशवीत परत ठेवली.

पुढच्या मंडईला ती लेकीला न्यायला आली नाही. मी फोन केला, तर म्हणाली, "नाही नेत जी. घरी साऱ्या पोरी एकाच जागी झोपतेत. अजून उवा लागल्या तं अजून केस जातीन तिचे." खरं सांगायची हीच वेळ होती. मी "बरं" म्हणून फोन ठेवून दिला. लेक मात्र पिशवी भरून दारात बसली होती. मावशी जेवायला उठवायची, जेवून ती पुन्हा तिथेच. चार दिवस मी मागच्या दाराने ये-जा केली.

त्यानंतरच्या वर्षी मंडईच्या तोंडावर माय आली. लेकीचे केस तोवर खांद्यापर्यंत आले होते. मायने सांगितलं, घरातल्या गोधड्या उकळत्या पाण्यात काढल्या, सुनेच्या, नातींच्या डोक्याला कडुनिंबाचं तेल लावलं.

"यंदा नेऊ द्या जी. घरात एक बी नाही. माह्या डोक्यात तुमीच पाहून घ्या."

आणि तिने पदर खाली घेतला, अंबाडा सोडला आणि आपलं पिकलेलं डोकं माझ्यापुढे वाकवलं. मावशी बघत होती. लेक दाराशी पिशवी छातीशी धरून उभी होती.

मी खोटं बोलले होते, एवढंच सांगायचं होतं.

मी तिच्या केसांत बोटं घातली. कानांमागे, मानेवर, भांग पाडून पाडून नीट पाहिलं.

"स्वच्छ आहे," मी म्हणाले. "न्या."

"मोठे उपकार झाले जी," ती म्हणाली.